पाटल्यांचं अंगण

त्या दिवशी ग्वाल्हेर स्टेशनावर माणसांपेक्षा कपाटं जास्त होती. मध्यभारत नावाचं राज्य संपून नवा मध्यप्रदेश झाला होता, राजधानी भोपाळला गेली होती आणि आमचं खातं तिच्या मागोमाग निघालं होतं. फलाटावर फायलींचे गठ्ठे, लाकडी खुर्च्या, टाइपरायटर, साहेबांचं टेबल, आणि या सगळ्याच्या अधेमधे आम्ही कारकून, आपापल्या वळकट्या सांभाळत उभे. हमाल प्रत्येक वस्तूपाशी थांबून विचारत होता, "बाबूजी, यह सरकारी है या घर का?" मी नुकताच नोकरीला चिकटलेला. त्यानं माझ्याकडे बोट दाखवून तेच विचारलं असतं तर मला उत्तर देता आलं नसतं.

मला सोडायला आमची अर्धी गल्ली, म्हणजे अर्धी दाना ओली, आली होती. ज्या घरात आम्ही भाड्यानं राहायचो त्या घराचे मालक लालाजी, त्यांच्या पत्नी, ज्यांना सगळी गल्ली चाचीजी म्हणायची, आणि आमचे नाना-आई. चाचीजींनी तीळगुळाच्या गजकचा डबा माझ्या हातात कोंबला. नाना म्हणाले, "पोहोचलास की पत्र टाक. आणि घाई करू नकोस." कशाची, ते त्यांनी सांगितलं नाही. आईनं डोळे वगैरे पुसले नाहीत. गाडी हलायच्या बेतात असताना ती खिडकीशी आली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "बाळ, तिकडे जमीन स्वस्त आहे, असं बोलून राहिले आहेत लोक. बघून ठेव." फलाटावरची मंडळी हसली. आईचं घर हा आमच्या गल्लीचा सार्वजनिक विषय होता.

तुम्हां दाना ओलीकरांपैकी काही त्या गाडीत माझ्याबरोबर होते. काही फलाटावर राहिले, काही पुढे जबलपूरला, इंदूरला, पुण्याला गेले. त्या घराचं अखेर काय झालं हे तुम्ही अधूनमधून विचारता, म्हणून आता सगळं एकदा नीट लिहून टाकतो.

नाना संस्थानच्या हिशेब खात्यात होते. शहराबाहेर तेव्हा कापडाची एक गिरणी निघाली होती आणि तिचे शेअर विकायला होते. शेअर ही चीज आमच्या लोकांत फारशी कोणाला ठाऊक नव्हती. पैसा आला की सोनं करायचं, फार झालं तर जमीन, हाच रिवाज. नानांनी उलटं केलं. आईच्या माहेरच्या जाडजूड पाटल्या होत्या, त्या त्यांनी मागून घेतल्या, विकल्या आणि गिरणीचे शेअर घेतले. बायकोच्या हातातलं सोनं काढून कागद घेतले म्हणून पार खासगी बाजार पेठेपर्यंत चर्चा झाली. आईला त्यांनी एवढंच सांगितलं होतं, "या पाटल्यांचं मी तुला घर करून देईन. फक्त मला वेळ दे." आईनं वेळ दिला. किती द्यायचा ते तिनं विचारून घेतलं नव्हतं, आणि हे ती आम्हाला जन्मभर ऐकवत असे.

मग संस्थान विलीन झालं. ग्वाल्हेरच्या मराठी माणसाची एक गंमत तुम्ही जाणताच. पिढ्यान्‌पिढ्या दरबारची चाकरी केलेली, त्यामुळे महाराजांशिवाय शहरात काही चालतं हे आमच्या डोक्यातच येत नसे. नळाला पाणी येतं ते महाराजांचं, घड्याळात वाजतात ते महाराजांचे. तेव्हा राज्यच गेलं म्हटल्यावर गिरणी आता बंदच पडणार, हे कचेरीत सगळ्यांनी एकमतानं ठरवून टाकलं. ज्यांच्याजवळ थोडेफार शेअर होते त्यांनी बाड्यावरच्या, म्हणजे शहराच्या मुख्य चौकातल्या, दलालाकडे धाव घेतली आणि मिळेल त्या भावाला विकून मोकळे झाले. नाना मात्र एका सकाळी चालत गिरणीच्या फाटकापर्यंत गेले, पाळी बदलताना आत जाणारी माणसं बघत उभे राहिले आणि परत येऊन म्हणाले, "भोंगा वाजतोय. राज्य बदललं म्हणून लोकांनी धोतर नेसायचं सोडलेलं नाही." शेअर पेटीत होते तिथेच राहिले.

ते भाव कधी विचारत नसत. आम्ही विचारून आलो तर रागावत. "विरजण लावलंय ना? मग सारखं झाकण काढून बघायचं नाही," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. वर्षाचा लाभांश दिवाळीच्या सुमाराला यायचा. त्यातल्या अर्ध्याचे ते आणखी शेअर घ्यायचे आणि उरलेला अर्धा खाऊन टाकायचे. खाऊन म्हणजे अक्षरशः खाऊन. त्या पैशांवर कार्तिकातलं आवळीभोजन व्हायचं.

आपल्यात कार्तिकात आवळीभोजन आणि हिंदी शेजाऱ्यांत आँवला नवमी, झाड एकच. त्यामुळे आमच्या गल्लीत हा सण मराठी की हिंदुस्तानी असा प्रश्नच नव्हता. शहराबाहेर मुरारच्या वाटेवर एका माळ्याची बाग होती, तिथे आवळ्याची मोठी झाडं होती. नवमीला सकाळी टांगे भरायचे. पातेली, परात, लाटणी, जाजम आणि अख्खी दाना ओली. पुऱ्या, बटाट्याची रस्साभाजी, मसालेभात, शिरा, आणि पहिल्या पंगतीला प्रत्येकाच्या पत्रावळीवर आवळ्याची फोड. सगळा स्वयंपाक आईचा. चाचीजी मदतीला सरसावल्या की आई त्यांना हातानंच मागे सारायची, "आप बैठिए." ती स्वतः कधी पंगतीला बसली नाही. सगळ्यांचं झाल्यावर चुलीजवळच उभ्याउभ्या काहीतरी तोंडात टाकायची आणि नानांना ऐकू जाईल असं म्हणायची, "माझ्या पाटल्या लोक मिटक्या मारत खातायत." नाना हसायचे. ते म्हणायचे, "वाढायला ठेवलंय ते वाढतंय. हातात आलं ते माणसांत गेलं. आणखी काय हवं?" आई म्हणायची, "घर."

तर अशा घरातून उठून मी भोपाळला आलो. आम्हां धाकट्या कारकुनांना सुरुवातीला जुन्या बराकीत टाकलं. एका खोलीत मी, एक जबलपूरचा, एक रीव्याचा आणि एक छिंदवाड्याचा. चौघांच्या मिळून तीन जुन्या सरकारांनी तीन तऱ्हेच्या फायली लावलेल्या आणि प्रत्येकाला आपलीच बरोबर वाटायची. जबलपूरवाला आम्हाला संस्थानी म्हणून हिणवायचा, आम्ही त्याला इंग्रजांचा चेला म्हणायचो, आणि अस्सल भोपाळी मंडळी आम्हां सगळ्यांकडे बिनबोलावता आलेल्या पाहुण्यांसारखी बघायची. दुपारी कचेरीत प्रत्येक जण आपला डबा आपल्या टेबलाच्या कडेला उघडून, पाठ करून खायचा. माझ्या मराठीत हिंदी आणि हिंदीत मराठी. ग्वाल्हेरात ते कोणाच्या लक्षातही येत नसे, इथे नागपूरहून आलेले मराठी लोकसुद्धा मला परका समजायचे. संध्याकाळी मी तळ्यावर जाऊन बसायचो. तळं सुंदर होतं आणि मला त्याचा राग यायचा.

जमीन मात्र खरोखर स्वस्त होती. कर्मचाऱ्यांना प्लॉट मिळत होते, थोडे पैसे भरून नाव लावायचं. मला वाटलं, हेच ते. शेअर विकावेत, प्लॉट घ्यावा, दोन खोल्या बांधाव्यात, नाना-आईंना घेऊन यावं. आईला घर मिळेल, मला आई मिळेल. पुढच्या कार्तिकात मी रजा काढून ग्वाल्हेरला गेलो तो हे सगळं मनाशी पक्कं करूनच.

शहर ओळखू येईना. कचेऱ्यांना कुलपं, बाड्यावर दुपारी दुकानदार दुकानाच्या पायरीवर बसून एकमेकांशी गप्पा मारतायत. गल्लीतली निम्मी मराठी घरं रिकामी. आणि नेमकी त्याच वर्षी गिरणीनं लाभांश दिला नव्हता. शेअरचा भाव पडला होता, आणखी पडेल म्हणत होते. नाना निवृत्त होऊन घरी बसले होते, पेन्शन तुटपुंजी. मी प्लॉटची गोष्ट काढली तेव्हा या खेपेला आई चटकन माझ्या बाजूला आली.

"अहो, पोरगा बरोबर बोलून राहिला आहे," ती म्हणाली. "इथं आता कोण आहे आपलं? शहर खाली होऊन राहिलं. माझं मकान आता नाही तर कधी?"

नानांनी कोपऱ्यातल्या पेटीकडे पाहिलं. मग ते जे म्हणाले ते मी विसरलेलो नाही. "पाटल्या तुझ्या होत्या. तेव्हा हे शेअरही तुझेच. तू विका म्हण, मी आत्ता उठून दलालाकडे जातो. पण मला विचारशील तर मी नाही म्हणेन." त्यांच्या आवाजात राग नव्हता, पण चेहरा पडला होता. इतक्या वर्षांत त्यांना इतकं एकटं मी पाहिलं नव्हतं. आई म्हणाली, नवमी होऊन जाऊ दे, मग सांगते.

नवमी तरी कुठे व्हायची होती? लाभांश नाही म्हणजे आवळीभोजन नाही. नानांनी लालाजींना तसं सांगूनही टाकलं होतं, "इस साल नहीं हो पाएगा." लालाजी "कोई बात नहीं" म्हणाले होते. मला आतून फार लागलं ते, पण माझ्या बेताला सोयीचंही होतं. इथलं सगळं संपत आलं आहे याचा तो आणखी एक पुरावा होता.

नवमीच्या सकाळी दाराशी टांगा थांबला. मागे दुसरा, तिसरा. चाचीजी पदर खोचून वर आल्या आणि आईला म्हणाल्या, "चलिए बहनजी, देर हो रही है." आई म्हणाली, काहीच केलेलं नाही. "आपसे करने को कहा किसने?" चाचीजींनी आईचा हात धरला तो टांग्यात बसवूनच सोडला. बागेत पोहोचलो तर जाजम अंथरलेलं होतं. गल्लीतल्या प्रत्येक घरानं एकेक पदार्थ केला होता. कचौऱ्या, कद्दूची भाजी, बेसनाचे लाडू, मुगाचा हलवा, आणि जी दोनचार मराठी घरं उरली होती त्यांनी पुरणपोळ्या. मुरारला राहायला गेलेले जुने शेजारी आले होते. माळ्यानं स्वतःच्या घरून ताकाचा हंडा आणला होता. नाना एका झाडाच्या बुंध्याशी उभे राहून नुसते बघत होते.

आई सवयीनं चुलीकडे वळली. चाचीजींनी तिला खांद्याला धरून पाटावर बसवलं, पहिल्या पंगतीत, सगळ्यांच्या मधे. समोर पत्रावळ, तिच्यावर आवळ्याची फोड. आणि ज्यांना तिनं इतकी वर्षं वाढलं होतं त्या बायका ओळीनं येऊन तिला वाढू लागल्या. आईला काय करावं कळेना. तिनं इकडेतिकडे पाहिलं, मग खाली मान घालून जेवायला लागली, आणि मधेच चाचीजींना म्हणाली, "कद्दू में नमक ज़रा कम है." चाचीजी म्हणाल्या, "तो अगले साल आप बना लेना." सगळी पंगत हसली. आईच्या गालांवरून पाणी ओघळत होतं आणि ती ते पुसायलाही थांबली नाही, खात राहिली.

परतताना टांग्यात आम्ही तिघंच होतो. गल्ली दिसू लागली. मग आई नानांना म्हणाली, "नका विकू." मी काही बोलणार तोच माझ्याकडे वळली. "तू तुझ्या हिमतीवर तिकडे घर कर. मी येईन, राहीन, महिना-महिना राहीन. पण तिथं मला पाटावर बसवायला कोण येणार? हे जमवायला माझा जन्म गेलाय." थोडं थांबून तिनं पुढे जोडलं, "आणि भाव पडलेला असताना कोण शेअर विकतं? इतकी अक्कल तर मलाही आहे."

नानांनी तोंड फिरवून टांग्याबाहेर बघायला सुरुवात केली. ते हसत होते की काय ते मला दिसलं नाही.

मी भोपाळला परत आलो तो थोडा चिडूनच. वाटलं, आपण हरलो. पण बराकीत परतल्यावर दुसऱ्या दिवशी दुपारी मी माझा डबा उचलला आणि जबलपूरवाल्याच्या टेबलावर नेऊन उघडला. आईनं दिलेला मोरावळा होता. त्यानं संशयानं पाहिलं, चाखला, आणि स्वतःचा डबा पुढे सरकवला. महिन्याभरात चार टेबलं जोडली गेली. लोक म्हणतात, नवं राज्य दिल्लीत नकाशावर आखलं गेलं. आखलं असेल. पण जोडलं ते आम्ही कारकुनांनी, डब्यांनी, हे मी छाती पुढे काढून सांगतो. पुढे माझं लग्न झालं, सुधा आली, क्वार्टर मिळालं. सुधा मूळची इंदूरची, मोकळी आणि बडबडी. आमच्या पोरांना शिव्या चार बोलींतल्या येत होत्या आणि सण चार घरचे. पगारातून थोडे थोडे शेअर मीही घेत गेलो आणि झाकण काढून बघितलं नाही. पोरांची शिक्षणं त्यातूनच झाली.

तिकडे गिरणी सावरली. लाभांश पुन्हा सुरू झाला, मग बोनस शेअर आले, आणि नाना पूर्वीसारखेच अर्धे वाढवत आणि अर्धे खाऊ घालत राहिले. केस पिकले, दात गेले, आवळा चावता येईना तेव्हा किसून खाऊ लागले. मग एका दिवाळीत मी घरी असताना त्यांनी पेटीतले सगळे कागद काढले आणि आईच्या पुढ्यात ठेवले. "घे," म्हणाले. "आता विक. आता माझं काही म्हणणं नाही." त्यात एक चांगलं दुमजली घर सहज येणार होतं, आणि वर हाताशी काही उरणार होतं.  वचन पुरं करायला इतका काळ लागला याची लाज आणि ते पुरं केलं याचा दिमाख, दोन्ही त्यांच्या आवाजात होतं.

आईबरोबर घरं बघत मी अख्खं ग्वाल्हेर पालथं घातलं. बंगले पाहिले, गच्च्या पाहिल्या, मोज़ेकची फरशी पाहिली. आई नाकं मुरडत होती. शेवटी दाना ओलीपासून चालत जाण्याच्या अंतरावर तिला एक घर पसंत पडलं. दोन खोल्या, एक स्वयंपाकघर, आणि त्यापुढे घराच्या चौपट अंगण. नातेवाईकांनी कपाळावर हात मारला. इतकी वर्षं थांबून हे? मीही म्हटलं, आई, अगं वर मजला तरी असलेलं घे. तर म्हणाली, "खोलीत चार माणसं मावतात रे. अंगणात गल्ली मावते."

त्या वर्षीपासून नवमी मुरारच्या बागेतून तिच्या अंगणात आली. तिथे लावलेलं आवळ्याचं झाड अजून लहान होतं, सावली कुठे पडायला! उन्हात बसून जेवलो. आई उंबऱ्यावर खुर्ची टाकून बसली होती, मालकिणीसारखी, आणि मिठावरून सगळ्यांना बोलत होती. इतकी खूश मी तिला त्याआधी पाहिली नव्हती.

नाना गेले, पाठोपाठ काही वर्षांनी आई गेली. मी भोपाळचाच झालो. ग्वाल्हेरात काढली त्याच्या तिपटीहून जास्त वर्षं इथे काढली. घर लालाजींच्या नातवाला राहायला दिलं आहे. भाडं नावापुरतं, अट एकच, नवमीला अंगण मोकळं हवं. माझा मुलगा फोनवर दर तासाला शेअरचे भाव बघतो आणि मला सांगतो, "पापा, वो प्लॉट डेवलपर को दे दो ना, तुम्हाला कल्पना नाहीये किती मिळेल." मला कल्पना आहे. मी त्याला रागावत नाही, त्याला वेळ देतो.

गुडघ्यांनी दगा दिल्यापासून काही वर्षं माझं जाणं झालं नव्हतं. गेल्या कार्तिकात हट्टानं गेलो. स्टेशनवरून रिक्षा करून फाटकाशी उतरलो तो आत गजबज. टांग्यांच्या जागी स्कूटर आणि गाड्या, पोरं पळतायत, कोणी मराठीत ओरडतंय, कोणी हिंदीत, निम्मे चेहरे मी कधी पाहिलेले नव्हते. काठी टेकत आत शिरलो. पदर खोचलेली एक तरुण मुलगी, लालाजींच्या घरची नवी सून असावी, हातात पत्रावळींची चवड घेऊन लगबगीनं समोर आली. तिनं मला खालपासून वरपर्यंत पाहिलं आणि आदरानं विचारलं, "बाबा, आप किसके यहाँ से हैं?"

स्वतःच्या घरात मला असा प्रश्न. नाव सांगायला मी तोंड उघडलं, आणि पुढच्याच क्षणी छाती अशी फुगली की काय सांगू. हे घर आता मालकाच्या ओळखीवाचून चालत होतं.

"दाना ओली से," मी म्हटलं.

"तो खड़े क्यों हैं? आइए, पंगत बैठ रही है."

मी कोण ते तिला सांगितलं नाही. दोन अनोळखी माणसांनी सरकून मधे जागा केली, आणि मी बसलो.